दीड किलो कॅरामेल

श्टर्नबेर्क, ९ मार्च २००८

प्रिय दाजी,

पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता मी तुमच्या डब्याच्या झाकणाविरुद्ध ही रीतसर तक्रार नोंदवत आहे. हे झाकण उघडत नाही. मी ते हातानं ओढलं, चमच्याच्या दांड्यानं उचकटलं, गरम पाण्यात धरलं, त्याला आईवरून बोललो. शेवटी अंगठ्याचं नख घातलं. नख गेलं, झाकण राहिलं, ते पेचकसानं काढावं लागलं. तीस वर्षं जिल्हाभरचे तराजू तपासत हिंडणारा सरकारी माणूस मी, अंगठ्याला पट्टी बांधून खाटकाकडे उभा राहिलो, तर तो सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा म्हणतो, "काय साहेब, आज वजनात बोट सापडलं वाटतं?" रांग हसली. नाताळात मी त्याला वीस ग्रॅमसाठी दंड केला होता, तो त्यानं वसूल केला.

लिबुशेताई हा गुलाबाचा डबा चाळीस वर्षं बसल्या जागी, एका हातानं उघडायची. कशी, ते विचारायचं राहून गेलं. तिला विचारायच्या राहिलेल्या गोष्टींत ही सगळ्यात बारकी.

तर डबा परत पाठवतोय, बसवाल्या कोउदेल्काच्या हाती. जानेवारीत तुमच्याकडून उसना नेलेला कॅरामेल माल्ट, म्हणजे बिअरसाठी मोड आणून गोडसर भाजलेला सातू, दीड किलो, काठोकाठ. मी उधार ठेवत नाही, ग्रॅमचीसुद्धा. तुमची बाकीची दोन पोतीही दळून सोबत आहेत. चक्की माझ्याकडे असल्यामुळे कॅरामेलही लगे हाथ दळून टाकला, तेवढाच तुमचा त्रास वाचला. उघडला की दोन-तीन दिवसांत वापरा, दळलेला माल्ट वास धरतो.

फोनवर तुमचं कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं आणि मी बोलतोय की रेल्वे सुटतेय तेच कळत नाही, म्हणून लिहिलं. कॅलेंडरात ताईचं नाव येतं त्या दिवशी, तिच्या नावाच्या दिवसाला, यंदाही तिची काळी बिअर असणार ना? दहा जुलै मी राखून ठेवलाय.

तुमचा,
रादिम


कोझी पासेका, १७ मार्च २००८

रादिम,

डबा पोचला. झाकण पहिल्या झटक्यात उघडलं. नखं कापत जा.

शुक्रवारी बिअर लावली. धुणीघरात तांब्याची कढई चढवली, पन्नास लिटरची. सगळं लिबुशेच्या वहीप्रमाणे. साधा पिल्सनर माल्ट सात किलो, म्युनिक तीन, तुझा कॅरामेल दीड, आणि शेवटी काळा, तो कोळसा होईतो भाजलेला, दोनशे ग्रॅम. ती काळा कधी आधी टाकू द्यायची नाही. माल्टची पेज दोनदा काढून, वेगळी उकळून, परत ओतून झाली, की मग अगदी शेवटी तो वरून भुरभुरायचा. त्याला उकळी दाखवायची नाही. "तो रंगापुरता हवा, त्यानं बोलायला नको," म्हणायची. आपल्या इवोनाच्या नवऱ्याबद्दलही ती हेच म्हणायची, ते वेगळं.

एक विचारायचं होतं. तुझा कॅरामेल जरा काळपट वाटला. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि उजवा त्याच वाटेवर आहे, त्यामुळे पैज लावणार नाही. पण पहिली पेज उकळताना धुणीघरभर कॉफीसारखा वास सुटला. एरवी या वेळेला मनुका भाजल्यासारखा येतो. नवीन कारखान्याचा माल आहे का?

इवोना रविवारी ब्र्नोहून आली होती. तिच्या घराजवळ तळमजल्याची दोन खोल्यांची जागा तिनं बघून ठेवलीय. म्हणाली, "बाबा, इथं एकटे पडलात तर कोंबड्या सांगायला येणार आहेत का मला?" मी म्हटलं, त्या तुझ्यापेक्षा जास्त वेळा चौकशी करतात. रडली. मग मलाच वाईट वाटलं. मी तिला सांगितलंय, ज्या दिवशी मला तुझ्या आईची बिअर नीट लावता येणार नाही त्या दिवशी मी येईन. त्याआधी नाही. तिनं ते मान्य केलं. बिअरबद्दल तिला काडीची समज नाही, पण अट समजली.

चोथा कोंबड्यांना घातला. त्यांनी तोंड फिरवलं. हे पहिल्यांदाच.

आलोइस


श्टर्नबेर्क, २० मार्च २००८

प्रिय दाजी,

कोंबड्यांचं मत मी विचारात घेत नाही. त्यांना चव असती तर त्या तुमच्याकडे राहिल्या नसत्या.

कॅरामेलचं म्हणाल, तर हो, यंदाचा माल जरा गडदच आहे. मागचा उन्हाळा कोरडा गेला, सातूचा दाणा बारीक पडला, बारीक दाणा भट्टीत जास्त तापतो. कारखान्याकारखान्यात फरक असतोच. मोतीबिंदूतून बघाल तर पांढरी मांजरही करडी दिसेल. तुम्ही निश्चिंत राहा. तळघरात आठ-दहा आठवडे पडली की सगळं जुळून येतं.

आमच्या घरगुती बिअर मंडळाची वार्षिक स्पर्धा सात जूनला आहे. मी यंदाही परीक्षक. शिवाय नव्या लोकांसाठी माल्टवर माझं व्याख्यानही ठेवलंय. पहिलं वाक्य तयार आहे: "डब्यावर नाव नसेल तर आत माल्ट नसतो, अफवा असते." टाळ्या मिळतील.

इवोनाला माझा नमस्कार सांगा. आणि असल्या अटी घालत जाऊ नका, दाजी. बिअर म्हणजे बिअर. तिच्यावर घर कशाला टांगायचं?

तुमचा,
रादिम


कोझी पासेका, १२ मे २००८

रादिम,

हे पत्र इवोनाला दाखवू नकोस. तू तिचा मामा आहेस आणि तुला पोटात काही ठेवता येत नाही, म्हणून आधीच सांगतोय.

काल पिंपातून पहिला पेला काढला. करपलेली आहे. जराशी नाही. तव्यावर विसरलेल्या पावाला लागते तशी, आणि मागे जिभेवर राख बसते. खाली कुठंतरी लिबुशेची बिअर आहे, मनुका, थोडा मध, पण कोणीतरी तिच्या तोंडावर हात ठेवल्यासारखी.

मी वही काढून बघितली. माझ्या अक्षरात लिहिलंय, काळा दोनशे, शेवटी. माझ्या काळ्याच्या बरणीचं वजन केलं. आधी नऊशे होता, आता सातशे. म्हणजे बरोबर. पण बिअर सांगते, मी काळा भरमसाट घातला आणि वर तो दोनदा उकळलाही. मग वही खरी की बिअर? बिअर खोटं बोलत नाही. म्हणजे मी कुठूनतरी काढून काळा घातला, उकळला, आणि वहीत मात्र जे करायला हवं होतं ते लिहिलं. आणि मला त्यातलं काहीही आठवत नाही.

तुला माझे वडील आठवत नसतील. शेवटच्या वर्षी ते गजराचं घड्याळ पावाच्या डब्यात ठेवायचे आणि सकाळी टेबलाशी बसून पावाला किल्ली देत राहायचे. आई शेजारी उभी राहून म्हणायची, "झालं हो, भरली." त्यांचीही सुरुवात अशीच झाली होती. छोट्या गोष्टींनी. एकाहत्तराव्या वर्षी.

क्षणभर डोक्यात आलं की तुझ्या डब्यात तर काही गफलत नसेल? मग माझीच मला लाज वाटली. जो माणूस वीस ग्रॅमसाठी खाटकाला दंड करतो, त्याच्यावर संशय घ्यायचा, तोही माझं डोकं ठिकाणावर असावं म्हणून. म्हातारपणी माणूस असा होतो बघ.

एक वाट उरलीय. कदाचित माझी जीभच गेली असेल. मोतीबिंदू, कान, त्यात आता जीभ, तिचाही नंबर लागला असेल. म्हणून बाटल्या स्पर्धेला पाठवतोय. तिथं नाव नसतं, नंबर असतो, कोणी माझी गय करणार नाही. ते म्हणाले चांगली आहे, तर जीभ गेली. जिभेशिवाय जगता येतं. ते म्हणाले करपलीय, तर मग दुसरं गेलं.

माझा नंबर तुला सांगत नाही. तू सढळ हातानं मार्क देशील.

आलोइस


श्टर्नबेर्क, १५ मे २००८

प्रिय दाजी,

पाठवू नका.

स्पर्धेत कोण असतात तुम्हाला माहीत नाही. परीक्षकांत एक दातांचा डॉक्टर आहे, त्याला सगळ्यात लवंगच लागते. एक जण विमा विकतो. अशा लोकांच्या हाती ताईची बिअर द्यायची? ओतून टाका. किंवा निम्मी साधी बिअर मिसळा, करपट चव निम्मी होईल. किंवा मी येतो आणि आपण बसून संपवतो.

आणि डोक्याचं काय घेऊन बसलात? हजार कारणं असतात. पाणी असेल, जाळ मोठा झाला असेल, कढईला खाली लागलं असेल. तांब्याला लागतं. मलाही एकदा लागलं होतं. माझ्यासारख्या काटेकोर माणसाला लागतं तर तुम्हाला का नाही?

वडिलांची गोष्ट डोक्यातून काढा. पावाला किल्ली देणं वेगळं आणि बिअर करपणं वेगळं.

या आठवड्यात कामाची फार गर्दी आहे. नाहीतर स्वतः आलो असतो.

तुमचा,
रादिम


कोझी पासेका, १६ जून २००८

रादिम,

निकाल आला. माझा नंबर सतरा होता. चौदा बिअरमध्ये चौदावी. नंबर सतरा आणि बिअर चौदाच, हे कसं, ते तुमचं मंडळ जाणे.

पाचही परीक्षकांच्या चिठ्ठ्या सोबत होत्या. दातांच्या डॉक्टरला लवंग लागली. बाकी सगळ्यांना करपलेली लागली. म्हणजे जीभ शाबूत आहे.

तीन नंबरच्या परीक्षकानं लिहिलंय: "ही बिअर प्यायल्यावर वैद्य नको, धुराडं साफ करणारा बोलवा." मी वाचून हसलो. खरंच हसलो, कारण चांगलं आहे. मग इवोनानं माझ्या हातातून कागद घेतला. ती हसली नाही. म्हणाली, "बाबा, आईची बिअर ना ही?" मी म्हटलं, हो. अट तिलाही आठवत होती.

ती मला डॉक्टरकडे घेऊन गेली. त्या बाईंनी स्मरणशक्ती तपासायला कागद दिला आणि म्हणाल्या, घड्याळाचं चित्र काढा, अकरा वाजून दहा मिनिटं. जगात काढायला दुसरं काही नसतं का यांना? मी पेन्सिल धरून बसलो आणि मला पावाचा डबा दिसायला लागला. घड्याळ बरोबर काढलं, पण फार वेळ लावला. त्यांनी वेळ लिहून घेतला. म्हणाल्या, सहा महिन्यांनी बघू.

हल्ली रोज सकाळी उठलो की महिने उलटे म्हणतो. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर. अजून चुकलो नाही. पण चुकायची वाट बघतो.

घर विकण्याचे कागद तीस जूनला होणार. कढई ओलोमोउत्सचं एक तरुण जोडपं शनिवारी घेऊन गेलं. कॅरामेल कधी टाकायचा आणि काळा कधी, ते मी त्यांना दोनदा सांगितलं. बाई लिहून घेत होती. मला वाटलं, चला, कोणाकडे तरी राहील.

गुलाबाचा डबा तुला हवा असेल तर घेऊन जा. ब्र्नोच्या स्वयंपाकघरात त्याला जागा नाही.

तीन नंबरवाला तुला भेटला तर माझ्याकडून आभार सांग. बाकीच्यांनी आडवळणानं लिहिलं, त्यानं तोंडावर सांगितलं.

आलोइस


श्टर्नबेर्क, १९ जून २००८

दाजी,

तीन नंबरवाला मला भेटला. रोज सकाळी दाढी करताना भेटतो.

हे वाक्य मी कालपासून सहा कागदांवर लिहिलं. प्रत्येक वेळी त्याच्यापुढे आणखी एक गमतीचं वाक्य यायचं आणि मी तिथंच थांबायचो. मला गमतीचं लिहिता येतं, हीच माझी अडचण आहे. त्यामुळे आता गंमत बाजूला ठेवून लिहितो. जमेल तितकं.

तुमचं डोकं ठिकाणावर आहे. तुम्ही काळा दोनशे ग्रॅमच घातलात आणि शेवटीच घातलात. वही खरी आहे, बरणी खरी आहे. खोटा मी आहे.

मार्चमध्ये तुमचा दीड किलो कॅरामेल परत करायचा होता. दुकानात एकच किलो मिळाला. बाकीचा पुढच्या आठवड्यात येणार होता. मी कोउदेल्काला शब्द देऊन बसलो होतो आणि तुम्हाला फोनवर ओरडून सांगितलं होतं, दीड म्हणजे दीड. मला एक किलो पाठवून "अर्धा मागून देतो" असं चार ओळींत लिहिता आलं असतं. तुम्ही काय म्हणाला असतात? काहीच नाही. पण डबा अर्धवट दिसला असता. तीस वर्षं लोकांच्या मापात बोट घालणाऱ्याचं स्वतःचं माप कमी दिसलं असतं. माझ्याकडे काळा माल्ट पडला होता. मी अर्धा किलो काळा घातला. दोन्ही एकत्र दळले, म्हणजे रंग एकजीव होईल. डबा काठोकाठ भरला. तराजूवर ठेवला. काटा बरोबर दीडवर आला आणि मला, दाजी, समाधान वाटलं.

स्वतःला सांगितलं, काळ्या बिअरमध्ये काळा गेला तर कोणाला कळणार? मी माल्टवर व्याख्यानं देतो. मला पूर्ण माहीत होतं की कॅरामेल पहिल्यापासून पेजेत जातो. म्हणजे आत लपलेला काळाही जाणार, दोनदा उकळणार, आणि जे बोलायला नको ते सगळं बोलणार. माहीत होतं आणि मी त्याचा विचार केला नाही. हे दोन्ही एकाच वेळी जमतं माणसाला.

तुम्ही विचारलंत, काळपट का, तर मी तुम्हाला कोरडा उन्हाळा सांगितला. मागचा उन्हाळा कसा होता मला आठवतसुद्धा नाही.

मग मेमधलं तुमचं पत्र आलं. त्यात पावाची किल्ली होती. त्या दिवशी संध्याकाळच्या बसनं मी तुमच्याकडे यायला हवं होतं. कामाची गर्दी नव्हती. त्या आठवड्यात मी एक बटाट्याचा काटा तपासला.

आता स्पर्धेचं. सतरा नंबरचा पेला आला. मी वास घेतला आणि चिठ्ठीवर ते धुराड्याचं वाक्य लिहिलं. शेजारचा विमेवाला वाकून वाचून खो-खो हसला. मग मी घोट घेतला. करपटपणाच्या खाली मनुका होती. मी सहा वर्षांचा असताना ताई मला शाळेत जाताना खिशात कॅरामेल माल्टचे दाणे द्यायची, गोळ्या परवडत नसत म्हणून. ती चव मी बेशुद्धीतही ओळखेन. मला कळलं कोणाची बिअर आहे आणि तिच्या तोंडावर हात कोणाचा आहे. हातात पेन होतं. खोडायला एक रेघ पुरली असती. पण विमेवाला ते वाक्य पुढच्या टेबलाला सांगत होता आणि तिथंही हसू फुटलं होतं. मी चिठ्ठी पुढे सरकवली.

तुम्ही ते वाचून हसलात, हे तुमच्या पत्रातलं सगळ्यात वाईट वाक्य आहे.

तीसला सही करू नका. इवोनाला हे पत्र दाखवा. डॉक्टरीणबाईंनाही दाखवा. ते सहा महिने माझ्या नावावर लिहा म्हणावं. कढई मी त्या जोडप्याकडून आणतो, पाया पडावं लागलं तरी.

माफ करा असं लिहिणार होतो. तेही जमण्यासारखं वाक्य आहे, म्हणून लिहीत नाही.

रादिम


कोझी पासेका, २५ जून २००८

रादिम,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा उभ्यानं.

तीन नंबर तू आहेस हे मला त्याच दिवशी कळलं होतं. या जिल्ह्यात असं वाक्य लिहिणारा दुसरा कोण आहे? लिबुशे म्हणायची, आमच्या रादिमच्या जिभेला वेगळा माणूस ठेवायला हवा, तिला फिरवून आणायला. तुला माझी बिअर ओळखू आली नाही असं मी धरून चाललो होतो. आभार सांग म्हटलं ते तुला टोचावं म्हणून. थोडंसंच टोचायचं होतं. तू एवढं सगळं घेऊन बसला आहेस हे मला कुठं माहीत!

माल्टचं मात्र कळलं नव्हतं. स्वप्नातही नाही.

बिअरचं मला काही वाटत नाही. पन्नास लिटर बिअर आहे, गटारात जाईल. पण बारा मेपासून शनिवारी तुझं पत्र येईपर्यंत मी एक्केचाळीस सकाळी महिने उलटे म्हटलेत. मी घरात फिरताना प्रत्येक कपाट उघडून बघायचो, आत काही भलतंच ठेवलंय का. पोस्टवाली विचारायची, "कसे आहात आजोबा?" तर मी आधी विचार करायचो, हिनं असं का विचारलं. हे तू केलंस. आणि तुला अकरा मेला नाही, पण पंधरा मेला माहीत होतं. त्या दिवशी तू मला तांब्याला लागतं म्हणून लिहिलंस.

लिबुशे दळलेला माल्ट कोणाकडूनच घ्यायची नाही. सख्ख्या भावाकडूनही. पोत्यात हात घालून तळाचा दाणा काढायची आणि चावायची. गोड चिकट लागला तर कॅरामेल, राख लागली तर काळा. मी तिला हसायचो, तुझ्या भावावरही विश्वास नाही का? ती म्हणायची, विश्वास आहे, पण दात पण आहेत.

सही करत नाही. इवोनाला पत्र वाचून दाखवलं. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, जसा काही मीच गुन्हेगार. मग म्हणाली, "मामाला सांगा, नाताळच्या जेवणाला त्याच्या ताटात मी कोळसा वाढणार आहे." आणि मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही येणार नाही ब्र्नोला?" मी म्हटलं, नाही. तिचा चेहरा पडला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिला माझी काळजीच नव्हती फक्त, तिला मी हवाही होतो. महिन्यातून एकदा जाऊन राहीन म्हटलंय. हे तुझ्यामुळे झालं असं समजू नकोस.

कढई मीच परत आणली. त्या पोरांपुढे हात जोडले. बाईनं सगळं लिहिलेलं पानही परत द्यायला काढलं, ते मी ठेवून घे म्हटलं.

दहा जुलैला येऊ नकोस. ती करपलेली बिअर मी एकटा पिणार, लिबुशेचा फोटो समोर ठेवून. तिच्याशी तुझ्याबद्दल बोलायचंय आणि तू तिथं नसलेला बरा. थंडी पडली की नवी लावीन. तेव्हा बघू.

दीड किलो कॅरामेल माझा तुझ्याकडे येणं आहे.

आलोइस

झाकण: गुलाबाच्या मधोमध अंगठ्यानं दाबायचं आणि मग उचलायचं. आधी ओढलं की ते अडकून बसतं.


कोझी पासेका, तुमच्या पायरीवर, २ जुलै २००८

दाजी,

तुम्ही मागं कोंबड्यांशी बोलत आहात, इथं ऐकू येतंय. हाक मारत नाही. अकरा वाजून दहाच्या बसनं परत जातोय.

लाकडी खोक्यात चक्की आहे. ती आता तुमच्याकडेच राहू द्या. दात्यांत काळ्याचा भुगा अडकला होता, ब्रशनं घासून काढलाय, वर दोन मुठी साधा माल्ट फिरवून फेकून दिलाय.

खोक्यावर डबा आहे. डबा नवीन आहे. गुलाबाचा तुमच्याकडेच आहे, त्यात तुम्हीच भरा. यावर मी चिठ्ठी चिकटवलीय: कॅरामेल, दीड किलो, दुकान, तारीख. वजन माझ्या तराजूवर केलेलं नाही. खाटकाकडे नेऊन केलं. त्यानं विचारलं, "साहेब, तुमचा काटा बिघडला का?" मी म्हटलं, हो. या वेळी रांगेत कोणी हसलं नाही. त्यानं काटा दोनदा शून्यावर आणला आणि मग ठेवलं.

दाणा अख्खा आहे. दळलेला नाही. वरचा एक, मधला एक आणि तळाचा एक मी चावून बघितलाय, म्हणजे दीड किलोला तीन दाणे कमी आहेत. तेवढे खिशातून घालतोय, शाळेत जातानाचे नव्हेत, आजच विकत घेतलेले.

तुम्ही तळाचा आधी चावा.

रादिम